डाव्या बाजूचा पॅटर्न

आई, आधी तुला न आवडणारी गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कपाळाला आठ्या हळूहळू पडत बसणार नाहीत, काय त्या एकदाच पडतील. तुझी मुलगी, जिला शब्दरूपं म्हणून झाल्याशिवाय तू ताट वाढत नव्हतीस, ती आता बायकांच्या ब्रा बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. शिवत नाही, शिवणकामाची मला किती अक्कल आहे ते तुला ठाऊक आहे. मी कम्प्युटरवर त्यांचे पॅटर्न काढते, म्हणजे कापड कसं कापायचं त्याचे आराखडे. कंपनी नागपूरची आणि मी बालाघाटची, आपल्याच घरात, तुझ्याच खोलीत, खिडकीशी टेबल लावून बसलेली. बाबा आल्यागेल्याला सांगतात, "पोरगी कम्प्युटरवर नकाशे काढते." सिंचन खात्यात जन्म गेलेल्या माणसाला याहून इभ्रतीचा शब्द सुचला नसता. त्यात फार खोटंही नाही. ज्या संस्कृत कवींचे श्लोक तू वर्गात शिकवताना गाळून पुढे जायचीस, त्यांनाही बाईच्या छातीवर डोंगरच दिसत असत.

संस्कृतवाली बाई इथवर कशी पोचली, हे तू विचारणारच. तू गेल्यावर मी एम.ए. केलं, संस्कृतातच, कारण घरात पुस्तकं होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. मग त्यावर नोकरी मिळेना, म्हणून नागपुरात कम्प्युटरचा कोर्स केला आणि एका कपड्यांच्या कारखान्यात कापणाऱ्या मास्तरचे पुठ्ठ्याचे फर्मे कम्प्युटरवर चढवायच्या कामाला लागले. तिथून हे. लग्न राहिलं, त्याची गोष्ट एवढीच की राहिलं. पुढे बाबांना चक्कर येऊ लागली, एकदा न्हाणीत पडले, आणि मी कंपनीला म्हटलं की थोडे दिवस घरून काम करते. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

काम काय असतं ते सांगते. पडद्यावर बाईचं धड असतं, मानेपासून कमरेपर्यंत. कोणाचं ते कळत नाही, डोकं दिलेलं नसतं. ते धड हवं तसं फिरवता येतं, आणि त्याच्यावर बारीक त्रिकोणांची जाळी पसरलेली असते. मी जाळीवर शिवणीच्या रेघा आखते आणि बटण दाबते. मग रेघांच्या मधला गोल भाग अंगावरून सुटतो आणि बाजूला सपाट होऊन पडतो, कापडावर ठेवून कापता येईल असा. कापड सपाट असतं आणि बाई सपाट नसते, एवढ्या एका अडचणीवर माझा पगार चालतो. नळी उलगडली तर चौकोन होतो, शंकू उलगडला तर पंख्यासारखा तुकडा होतो. त्यांना काही दुखत नाही. पण जे दोन्ही अंगांनी गोल आहे ते सपाट होताना कुठे तरी ताणलं जातं आणि कुठे तरी चुरगळतं. पळसाच्या पानाचा द्रोण आठव. सपाट पानाला खोलगट करायचं तर कडेला दुमड घालून काडी टोचावी लागते. मी तेच उलटं करते: काडी काढते, आणि दुमडीच्या जागी चीर देते. शिंपी तिला टक्स म्हणतो. चीर कुठे द्यायची ते मी ठरवायचं. नाहीच दिली तरी सॉफ्टवेअर अडून बसत नाही, मुकाट्यानं सपाट करून देतं. फक्त रंग दाखवतं. ताण असेल तिथे लाल, दाब असेल तिथे निळा, बाकी हिरवा. आणि तेही असं करतं की एका जागचा ताण चहूकडे थोडाथोडा वाटून टाकतं, म्हणजे कुठेच फारसं लाल दिसत नाही आणि कुठेच धड बसत नाही. असे पॅटर्न मला लांबून ओळखू येतात. मी अशाच एका घरात वाढले.

रागावू नकोस, पुढे ऐक. बाबांना आता ऐकू येत नाही, म्हणजे ओरडल्याशिवाय अगदीच येत नाही. कानातलं यंत्र आणलं होतं, ते त्यांनी कपाटात नीट जपून ठेवलं आहे. त्यामुळे आपल्या घरातलं सगळं बोलणं गल्लीला पुरेल अशा आवाजात होतं. "बाबा, पोट साफ झालं का?" असं मी विचारते आणि समोरच्या किराणावाल्याला उत्तर कळतं. त्यांना एकटं सोडता येत नाही. मी जाते ती फार तर बाजारापर्यंत, तीही मावशी घरात असते तेवढ्या वेळात. मावशी म्हणजे आपल्याकडे स्वयंपाकाला येते ती. माहेर लामत्याचं, तोंड फटकळ, हाताला चव. माझ्या पडद्यावर काय असतं ते तिला पहिल्या दिवशी दिसलं, आणि तेव्हापासून या घरची अब्रू तिनं आपल्या शिरावर घेतली आहे. बाबांची काठी ओसरीत वाजली की ती पोळपाट सोडून धावत येते आणि खांद्यावरचा टॉवेल कम्प्युटरवर टाकते.

"अवो ताई, झाका ना ते! बाबूजी येऊन राह्यले."

"काहून झाकायचं, मावशी? कापडाचं काम आहे हे."

"कापड कुठी हाय त्याच्यात? कापड सोडून सगळं दिसून राह्यलं."

बाबा येतात, टॉवेल पांघरलेल्या कम्प्युटरकडे बघतात, "बिघडला का?" विचारतात, पेपर उचलतात आणि जातात. पेपर त्यांनी सकाळीच वाचलेला असतो. मावशी टॉवेल काढून खांद्यावर टाकते आणि पोळ्यांकडे वळते. तिघंही आपापलं काम चोख करतो.

ही रीत तूच घालून दिलीस हे मी मावशीला सांगत नाही. मला तुझा वर्ग आठवतो. मी तुझ्याच शाळेत, तुझ्याच तासाला, दुसऱ्या बाकावर. शाळेत तुला "बाई" म्हणायचं आणि घरी "आई". उलट झालं की दोन्हीकडे बोलणी. तू फळ्यावर श्लोक लिहिते आहेस. तुझी पद्धत ठरलेली: आधी श्लोक म्हणायचा, मग त्यातले शब्द मोकळे करून सरळ वाक्यात लावायचे, मग अर्थ. त्या दिवशी एका ओळीतला एक शब्द तू मोकळा केलास आणि अर्थ न सांगता पुढच्या ओळीवर गेलीस. मागून एक मुलगी उठते. तिरोडीची, वडील खाणीवर, इथे मामाकडे शिकायला राहिलेली, भीड कशाचीच नाही. "बाई, या शब्दाचा अर्थ राहिला." तू खडू खाली ठेवतेस, पदर सारखा करतेस आणि अगदी शांतपणे म्हणतेस, "अवयवविशेष." ती म्हणते, "म्हणजे कोणता?" तू म्हणतेस, "विशेष. बस खाली." पुढे वर्षभर आमच्यापैकी कुणाचं पोट दुखो की दाढ, आम्ही अवयवविशेष दुखतो म्हणूनच घरी जायची परवानगी मागत होतो, आणि तू ती देत होतीस, कारण पुढचा प्रश्न विचारायची तुझी तयारी नसे.

घरीही तोच पाठ. पोलकं शिवायला टाकायचं तर शिंप्याला अंगाचं माप द्यायचं नाही, मापाचं पोलकं द्यायचं. अंगाला बसणारं जुनं पोलकं वर्तमानपत्रात गुंडाळून नवीन कापडाबरोबर ठेवायचं आणि म्हणायचं, "याच्यासारखं." आपल्या गल्लीत सगळ्याच बायका असं करत. नवं शिवून आलं की पुढच्या वेळी ते मापाचं व्हायचं. एका पोलक्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, आणि जिच्यासाठी एवढं चाललं आहे तिच्याकडे कुणी वळूनही बघायचं नाही. आता मी याच धंद्यात आहे म्हणून अधिकारानं सांगते, याहून वाईट पद्धत मला माहीत नाही. अंग बदलतं आणि पोलकं आपलं म्हणणं सोडत नाही. एकदा मी दुकानात बोलून गेले, "काका, या वेळी माझं मापच घ्या ना, मी वाढले आहे." घरी आल्यावर दार लावलंस आणि तुझं शुद्ध मराठी सुटलं. रागावलीस की ते सुटायचंच. मला तुझी ती गावाकडची बोली ऐकायला आवडायची, पण तेव्हा सांगायची सोय नव्हती.

"काहून गं, तुले अक्कल नाही का? परक्या माणसासमोर वाढली म्हणते?"

"मग वाढले नाही का मी?"

"वाढली. पण ते सांगाचं नसते."

मग ते वर्ष येतं. मी कॉलेजात, बी.ए.चं शेवटचं. तू स्वयंपाकघरात पाटावर बसली आहेस, खिडकीकडे तोंड करून, मांडीवर पोलकं आणि हातात बाबांच्या दाढीचं जुनं ब्लेड. ब्लेड एकाच शिवणीवर चालतं आहे, डाव्या. शिंप्यानं आत सोडलेली माया, जरासं जादा कापड, तू मोकळी करतेस, एकाच बाजूची, आणि पुन्हा बारीक टाके घालत आणतेस. मी विचारते, "एकीकडचंच का उसवतेस?" तू मान वर न करता म्हणतेस, "शिंप्यानं चुकवलंय." मी म्हणते, "मग त्यालाच दे ना परत." तू म्हणतेस, "अभ्यास कर जा तुझा." गॅसवर वरण उतू जातं, तू उठतेस, पोलकं घडी करून पदराखाली घेतेस. शिंप्यानं काही चुकवलं नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं नेहमीसारखं मापाच्या पोलक्यावरून शिवलं होतं.

पुढचं आपल्या दोघींना ठाऊक आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं तोवर करण्यासारखं फार उरलं नव्हतं. गल्लीला सांगितलं, छातीचा त्रास आहे. लोक हार्ट समजले आणि आपण समजू दिलं. समोरच्या काकू रोज लसूण घेऊन यायच्या, हृदयाला चांगला म्हणून, आणि तू त्यांचं मन मोडायला नको म्हणून तो गिळायचीस. स्थळ बरोबर होतं, अवयव तेवढा चुकवला होता.

आता माझं. या पावसाळ्यात कंपनीनं नवं काम घेतलं. ज्यांचं ऑपरेशन होऊन एक बाजू काढावी लागली आहे अशा बायकांसाठी ब्रा, आतून खिसा असलेली, म्हणजे त्या खिशात भर घालता यावी. धडं येऊ लागली. मी पहिलं उघडलं, नेहमीसारख्या दोन्हीकडे रेघा आखल्या आणि बटण दाबलं. एका बाजूचा तुकडा कुरकुरत आडवा झाला, लाल, निळा, जसा होतो तसा. दुसरीकडचा लगेच आडवा झाला आणि जवळपास सगळा हिरवा. इतक्या वर्षांत इतकं निमूटपणे सपाट झालेलं काही मी पाहिलं नव्हतं. मी उठून पाणी प्यायले. मावशी म्हणाली, "काय झालं, ताई?" मी म्हटलं, "काही नाही, काम सोपं निघालं."

या कामासाठी अंग मोजायची एक नवी सोय आली. बाईनं मोबाईल समोर उभा करायचा, त्याच्यापुढे सावकाश गोल फिरायचं, आणि धड तयार होऊन आपोआप कंपनीत पोचतं. घरच्या घरी, कुणाचा हात लागायला नको, शिंपी नको, मापाचं पोलकंही नको. तुला फार आवडली असती. ती नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी आम्हा कामावरच्या बायकांनाच सांगितलं, आपापलं धड करून पाठवा, आणि त्याचे दोन्ही बाजूंचे पॅटर्न काढा. एका दुपारी बाबा झोपले, मावशी घरी गेली, मी तुझ्या खोलीचं दार लावलं आणि फिरले. बंद खोलीत स्वतःभोवती गोल फिरणारी पन्नाशीची बाई. आरशाकडे पाठ येईल तेव्हा मला जरा बरं वाटत होतं. मग मी टेबलाशी बसून माझंच धड उघडलं. डोकं नसल्यामुळे ओळख पटायला वेळ लागला. डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, एक खळगा होता. ओल्या मातीवर बोट टेकवून उचलावं तेवढा. जाळीत असे दोष येत असतात. उजेड कमी पडला, अंग हललं की येतात. आम्ही त्याला कचरा म्हणतो. तो काढायचं एक हत्यार सॉफ्टवेअरमध्येच असतं, सुरकुतीवर इस्त्री फिरवावी तसं जाळीवर फिरवायचं. मी फिरवलं. खळगा गेला, पॅटर्न सुरेख निघाला. पण मनाला बरं वाटेना, म्हणून दिवा लावून पुन्हा फिरले. खळगा त्याच जागी. पुन्हा इस्त्री. पुन्हा फिरले. मग मी माऊस सोडला आणि तिथे हात नेला. खळग्याच्या आत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून मी ठरवलं की ती नाही.

ही गोष्ट दिवाळीच्या आधीची. आता थंडी पडली आहे. मधल्या दिवसांत काय केलंस असं विचारशील तर काम केलं. दुसऱ्या बायकांच्या छातीवर दिवसभर रेघा आखल्या, त्यांच्या उजव्या-डाव्यात केसाचा फरक निघाला तरी पुन्हा मोजायला पाठवलं, आणि स्वतःच्या डाव्या बाजूचा पॅटर्न कंपनीला पाठवायचा टाळत राहिले. गोंदियाला तपासणीला जायचं तर सबंध दिवस जाणार; बाबांजवळ कोण? मावशीला थांब म्हणायचं तर ती कारण विचारल्याशिवाय राहणार नाही. बाबांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, म्हणजे किराणावाल्याला वेगळं सांगायची गरज नाही. इथल्याच दवाखान्यात दाखवावं तर दारातच बसलेली नर्स तुझी विद्यार्थिनी, मला बघितलं की उठून उभी राहते आणि म्हणते, "बाईंची मुलगी ना?" जाईन तिथे तू आधीच पोचलेली. एक-दोनदा मी पर्स घेऊन फाटकापर्यंत गेले, आणि बाबांनी ओसरीतून विचारलं, "कुठी चालली?" तर म्हटलं, "कोथिंबीर आणते." त्या आठवड्यात घरात इतकी कोथिंबीर झाली की मावशीनं तिच्या वड्या केल्या. कडी आतून मीच घातली आहे हे मला कळत होतं. कळतं म्हणून ती निघते असं नाही.

काल दुपारी नागपूरहून फोन आला. आमच्या कामाची प्रमुख, वयानं माझी मुलगी शोभेल एवढी, बोलणं निम्मं हिंदी.

"मॅम, टेस्टवालं काम मी आज बंद करतेय. सबका आ गया, आपका लेफ्ट नहीं आया."

"पाठवते गं."

"फाईल मैंने देख ली. लेफ्टला नीचे की तरफ थोडा कचरा आहे, बस. मैं ही निकाल देती हूँ, दो मिनिट का काम है. करू का?"

मी "कर" म्हणायला तोंड उघडलं. ते म्हटलं असतं तर दोन मिनिटांत सगळं नीट झालं असतं. गाठ फक्त माझ्या अंगावर राहिली असती, बाकी कुठेच नाही. पण त्या पोरीचं बोट माऊसवर आहे असं मला दिसलं, आणि तोंडातून निघालं, "नको."

"जी?"

"हात लावू नकोस त्याला. तो कचरा नाही."

आवाज खाली आणून ती सरळ मराठीत म्हणाली, "ताई, मग काय आहे ते?"

"उद्या सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं की आता घरात बसून राहता येणार नाही, कारण उद्या कुणीतरी विचारणार आहे.

बाबा मागच्या अंगणात उन्हात बसून लाखोळीची भाजी खुडत होते. हे काम त्यांना मावशीनं दिलं आहे, आणि सरकारी काम केल्यासारखं ते ते करतात, एकेक पान तपासून. मी समोर जाऊन बसले.

"बाबा, मला गोंदियाला जायचंय."

त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हटलं, वरच्या पट्टीत.

"काहून?"

"डॉक्टरकडे. मला गाठ आहे, बाबा. छातीत."

हे मी अशा आवाजात म्हटलं की आतला भांड्यांचा आवाज थांबला. शेजारच्या अंगणात कुणीतरी झाडत होतं, तेही थांबलं. तुझ्या घरात हा शब्द एवढ्या मोठ्यानं कुणी कधी उच्चारला नव्हता. बाबांनी हातातली भाजी सुपात ठेवली.

"कोणत्या बाजूले?"

"डाव्या."

"तिलेबी डाव्याच होती."

मला वाटलं, ते दवाखान्यात कळलेलं बोलताहेत. मग त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं, नाही. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हौ. दाखवली होती तिनं मले. लई अगुदर." ते भाजीकडे बघत बोलत होते, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, सगळ्या गल्लीला. "मी म्हटलं, चाल नागपूरले. तुही माय म्हणे, पोरीची परीक्षा होऊन जाऊ द्या, मंग जाऊ. मी म्हटलं, बरं."

त्यांनी एक पान उचललं, उन्हात धरून पाहिलं, ठेवलं. मग मला म्हणाले, "तुही कोणती परीक्षा हाय आता?"

"कोणतीच नाही, बाबा."

"मंग परवाच्या गाडीनं चाल. मीबी येतो. मले इथी ठेवून गेली तं मावशी पागल होईन."

मावशी दारात उभी होती, हात ओले. "मी काई पागल होत नाही," ती म्हणाली. "बाबूजीले गाडीत वारा लागते, तेवढं स्वेटर घाला म्हणा त्याहिले." आणि तोंड फिरवून आत गेली.

तर उद्या सकाळी आम्ही निघतो. नागपूरच्या मुलीला मी आज कारण सांगितलं, सरळ शब्दांत. ती एवढंच म्हणाली की तुमची डावी बाजू आहे तशीच ठेवली आहे, परत आल्यावर बघू. गोंदियाचे डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत नाही. काही नसेलही. तसं असलं तर मला फार ओशाळं वाटेल, आणि ते ओशाळं वाटणं मी आनंदानं भोगीन.

पण आई, परीक्षेचं ऐकल्यापासून मी तुझ्यावर रागावले आहे. त्या परीक्षेत मला किती मार्क पडले ते आता मला आठवतही नाही. मला विचारलं असतंस तर मी पुस्तकं फेकून तुझ्याबरोबर स्टेशनवर आले असते. तू विचारलं नाहीस, मी काय म्हणेन ते तुला पाठ होतं म्हणून. बाईंवर रागवायची आम्हाला सवय नाही, त्यामुळे आधी इतका वेळ थट्टा करण्यात घालवावा लागला. तुझं नाव निघालं की लोक अजून म्हणतात, बाई फार धीराच्या होत्या, शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. इतकी वर्षं मीही मान डोलावत आले. आता नाही डोलावणार. तू घाबरली होतीस. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी दंडाला धरून न्यावं लागतं, आणि आम्ही दोघं घरातच होतो.

हे कंपनीच्याच कम्प्युटरवर लिहिलं आहे. बंद करताना तो विचारेल, ठेवायचं की नाही, आणि मी नाही म्हणेन. पाठवायला तर पत्ताच नाही. शेजारच्या खोलीत बाबा स्वेटर शोधत कपाट उपसताहेत, आणि मला हाक मारायच्या बेतात आहेत. त्यांना मी आता सगळं सांगितलं आहे, गाठ केव्हा कळली, इतके दिवस का बोलले नाही, कोथिंबिरीचंसुद्धा. एवढं एकच सांगितलेलं नाही, की मला फार भीती वाटते आहे.